दंशाचे माप वेदनेने घेऊ नये

भाताची लावणी आटोपली की मुरबाड-शहापूरच्या खेड्यांत घरातली कर्ती माणसे दिवसभर शेतावर असतात. घरी राहतात ती आजी-आजोबा आणि लहान मुले. बांधावरचे गवत गुडघ्याएवढे वाढलेले असते, बिळांत पाणी शिरलेले असते आणि कोरड्या जागेच्या शोधात साप, विंचू, गोमी घराच्या आश्रयाला येतात. चुलीजवळची लाकडे, पडवीतल्या गोवऱ्या, कोपऱ्यातला पेंढा, दाराशी काढून ठेवलेली चप्पल, यांपैकी कोणतीही जागा त्यांना चालते. अशा वेळी घरात कोणाला काही चावले, तर पहिला निर्णय बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीलाच घ्यावा लागतो. त्या व्यक्तीला हा निर्णय योग्य रीतीने घेता यावा, यासाठी या वेळचा लेख.

दंशाच्या बाबतीत आपल्या सर्वांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो. जितकी वेदना जास्त तितके विष जास्त, आणि दुखत नसेल तर काळजीचे कारण नाही. हा समज स्वाभाविक आहे. परंतु तो घातक ठरू शकतो. दंशांचे जग या हिशोबाने चालत नाही. काही दंश माणसाला रात्रभर तळमळत ठेवतात आणि सकाळी काहीही मागे न ठेवता निघून जातात. काही दंश मुंगी चावल्याएवढेही जाणवत नाहीत, आणि तेच प्राणावर बेततात. म्हणून दंश झाल्यावर “किती दुखते आहे?” एवढेच विचारून थांबू नये. “आणखी काय होते आहे?” हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

गोम आणि विंचू

गोम, जिला काही भागांत घोण म्हणतात, चावली की आग होते, सूज येते, क्वचित बारीक ताप येतो. वेदना विलक्षण असते. पण जिवाला धोका सहसा नसतो. जागा साबण-पाण्याने धुवावी, सोसवेल इतक्या कोमट पाण्याने शेकावी आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे, एवढे बहुधा पुरते. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना मात्र शेक देऊ नये; भाजल्याचे त्यांना कळत नाही.

विंचवाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. विंचू चावलेला माणूस कळवळतो, कळा वरपर्यंत चढतात, जागेला बोट लावू देत नाही. मात्र वेदनेखेरीज दुसरे काहीही होत नसेल, तर असे बहुतेक रुग्ण बरे होतात. धोक्याची खूण निराळी आहे. अंगाला दरदरून घाम सुटणे, उलट्या होणे, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय थंडगार पडणे, छातीत धडधडणे, यांपैकी काही दिसू लागले की विष हृदय आणि रक्ताभिसरणावर काम करू लागले असे समजावे. पुढे श्वास लागतो, खोकल्यातून फेस येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. लहान मुलांमध्ये हे सारे फार लवकर घडते. रडणारे मूल एकाएकी शांत झाले आणि त्याचा सदरा घामाने भिजलेला आहे, तर त्याला आराम पडला असे मानून झोपवू नये. तीच रुग्णालयाकडे निघण्याची वेळ असते.

ही लक्षणे जगाच्या वैद्यकशास्त्राला नीट समजावून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात आपल्या कोकणातल्या एका डॉक्टरांकडे जाते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि तरुण माणसे दगावत होती आणि खात्रीचा उपाय कोणाजवळ नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून एकेका लक्षणाची नोंद केली. या विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाब उतरवणारे औषध वापरून पाहिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे याविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास दगावत असत. प्रॅझोसिनचा वापर रुळल्यावर हे प्रमाण अगदी थोडक्यावर आले. पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपचारात आली, आणि प्रॅझोसिनच्या जोडीने ती दिल्यास रुग्ण लवकर सावरतो असे महाड येथेच झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

येथे ज्येष्ठ वाचकांना एक सावधगिरीची सूचना. रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटच्या त्रासासाठी प्रॅझोसिन किंवा त्या जातीची गोळी काहींच्या घरी असू शकते. विंचू चावला म्हणून ती आपल्या मनाने नातवाला देऊ नये. मात्रा वजनावर ठरते, आणि गोळी दिल्यावर रुग्णाला उठवून बसवल्यास रक्तदाब एकदम घसरू शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची आहे.

न दुखणारा साप

वेदनेच्या हिशोबाला सर्वांत मोठा धक्का मण्यार देते. हा साप रात्री हिंडतो. उंदीर, पाली आणि इतर सापांच्या मागावर तो घरात येतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशी पोहोचतो. झोपेत कूस बदलताना हात किंवा पाठ त्याच्यावर पडते आणि दंश होतो. त्याचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूणही सापडत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस “काही तरी चावले असेल” म्हणून पुन्हा झोपी जातो.

पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मळमळते. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या कोणालाही पहाटे अचानक पोटदुखी सुरू झाली आणि डोळ्यांच्या पापण्या उचलत नाहीत असे दिसले, तर साप पाहिला असो वा नसो, मण्यारीचा दंश झाला असेल असे धरूनच रुग्णालय गाठावे. घरातील वृद्धांच्या बाबतीत तर येथे दुहेरी घोटाळा होतो. पापणी पडली, बोलणे अडखळले की अर्धांगाचा झटका आला असे वाटते. दोन्ही परिस्थितींत रुग्णालयच गाठायचे असते. मात्र “हे रात्री जमिनीवर झोपले होते” ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

आणखी एक गोष्ट कुटुंबीयांनी मनाशी पक्की धरावी. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध हरपतेच असे नाही. डोळे मिटलेले, हात हलत नाही, हाक मारली तरी उत्तर नाही, अशा स्थितीतला माणूस आपले सारे बोलणे ऐकत असू शकतो. श्वास थांबत आला असेल तर वाटेत तोंडाने श्वास द्यावा, रुग्णालयात कृत्रिम श्वासाचे यंत्र लावतात. काही दिवस यंत्रावर राहून असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी चालत जातात. “आता काही उरले नाही” असे त्याच्या कानाशी कोणी म्हणू नये, आणि वाटेतून गाडी परत फिरवू नये.

बाकीचे विषारी साप आणि पहिला तास

आपल्या राज्यात माणसाला मारणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे यांचा दंश बहुधा दुखतो आणि सुजतो. नागाच्या दंशाच्या जागीही सूज येते. म्हणजे वेदना असली की धोका नाही, असेही म्हणता येत नाही. घोणसीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नागाच्या विषाने मण्यारीप्रमाणेच पापण्या मिटू लागतात, श्वास कमी पडतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुसंख्य खेड्यांतले. यांतील पुष्कळ माणसे रुग्णालयात पोहोचलीच नाहीत. विषाइतकाच वाया गेलेला वेळ त्यांना मारतो.

हा वेळ कोठे जातो? पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेला डहाणू तालुका आपल्या भागासारखाच आदिवासी पाड्यांचा आहे. मुंबईत परळ येथे असलेल्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तेथील लोकांशी बोलून सर्पदंशाविषयीचे समज नोंदवले, ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. चिंचोका किंवा लोहचुंबक विष ओढून घेतो असा समज तेथे आढळला, आणि आधी भगताकडे जाण्याची रीतही. आपल्याही वाड्या-पाड्यांत हे समज अनोळखी नाहीत. भगताचा गुण का येतो, याचे उत्तर साधे आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत; धामण, दिवड, कवड्या चावला तर माणूस मरत नाहीच. विषारी साप चावला तरी काही वेळा तो विष सोडत नाही. अशा वेळी चिंचोका लावला काय आणि न लावला काय, माणूस वाचतोच, आणि नाव मात्र चिंचोक्याचे होते. ज्या दिवशी खरोखर विष भिनलेले असते, त्या दिवशी याच विश्वासापायी दोन मोलाचे तास जातात. भगतावर श्रद्धा असलेल्या शेजाऱ्याशी वाद घालत बसू नये. “अंगारा लावा, पण गाडीत बसून लावा,” एवढे म्हटले तरी पुष्कळ काम होते.

साप चावल्यावर घरच्या ज्येष्ठाने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

सापाजवळून सर्वांना दूर करावे. त्याला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. लांबून सहज छायाचित्र मिळाले तर ठीक. नाही मिळाले तरी उपचार अडत नाहीत, कारण डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून निर्णय घेतात.

रुग्णाला धीर देऊन आडवे करावे. ज्या हाताला वा पायाला दंश झाला आहे, त्यातील अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोरा, घड्याळ लगेच काढावे. सूज चढल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून तो अवयव सैलसर बांधावा, म्हणजे हलणार नाही. रुग्णाला चालवू नये, पळवू नये.

दोरी, सुतळी, रुमाल यांनी आवळून बांधू नये. त्याने विष थांबत नाही, मात्र रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची वेळ येते. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर ते वाटेत एकदम सोडू नये. रुग्णालयात डॉक्टरांसमोर सोडावे. कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. काही खायला-प्यायला देऊ नये, दारू तर मुळीच नाही.

दंशाची वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. सूज असेल तर ती जिथवर आली आहे तेथे पेनाने रेघ ओढावी आणि वेळ लिहावी. ती रेघ पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दूरच्या पाड्यावर ती यायला उशीर लागणार असेल तर वाट पाहत बसू नये. रुग्ण शुद्धीवर असेल तर मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण आणि मागे त्याला धरून बसणारा, अशा रीतीने निघावे. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल तेथे जावे. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र लागत असेल आणि तेथे सर्पविषावरची लस असल्याची खात्री असेल तर आधी तेथे. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या ओढीने कल्याण-ठाण्यापर्यंत न थांबता जाणे चुकीचे आहे. पहिली मात्रा जवळच घ्यावी, पुढे न्यायचे तर नंतर न्यावे.

रुग्णालयात काय घडते

रुग्णालयातल्या गोष्टी आधी ठाऊक असल्या की काळजी घेणाऱ्याचा धीर टिकतो. डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनले असे समजते. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. “नुसती नळी ठेवून बसले आहेत” म्हणून अधीर होऊ नये.

सर्पविषावरची लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि ती वर सांगितलेल्या चारही सापांवर एकत्रितपणे चालते. विष भिनल्याची लक्षणे असतील तरच ती देतात. साप चावला म्हणून सर्वांनाच नाही. देतात तेव्हा सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या शिरेवाटे देतात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते. वय झाले आहे म्हणून ही लस टाळण्याचे कारण नाही. लशीने खाज, गांधी, थंडी किंवा रक्तदाब घसरण्याचा त्रास होऊ शकतो. त्यावर द्यायचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन डॉक्टर हाताशी ठेवतात. सुरुवातीला लक्षणे नसली तरी रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवावे लागते. मण्यारीचे विष उशिरा प्रकटते, म्हणून “आता बरे वाटते” म्हणून घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

रुग्ण वयस्क असेल तर त्याच्या रोजच्या गोळ्यांची यादी येथे अत्यंत महत्त्वाची ठरते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि नळीच्या तपासणीचा अर्थही बदलू शकतो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. वेदनेसाठी घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये; रक्तस्राव वाढतो.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यातील नारायणगावी डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य अनेक वर्षे सर्पदंशाचे उपचार आणि लोकशिक्षण करीत आले आहे. ग्रामीण भागात वेळेवर उपचार मिळाले तर माणूस वाचतो, याचा दाखला आपल्या इतक्या जवळ आहे.

कुत्र्या-मांजराचा ओरखडा

कुत्रा कडकडून चावला तर सगळेच दवाखान्यात धावतात. खरी फसगत होते ती ओरखड्याच्या बाबतीत. खेळताना मांजरीचे नख लागले, कुत्र्याचा दात नुसता घासून गेला, माकडाने हातातले केळे ओढताना बोचकारले. दुखत नाही, रक्ताचा एखादाच थेंब, आणि गोष्ट विसरली जाते. रेबीजच्या विषाणूला तेवढी वाट पुरते. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून अधिक. एकदा लक्षणे दिसली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्याआधी योग्य उपचार पूर्ण केले तर तो टाळता येतो.

पहिला उपचार घरच्या नळावरच आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हे काम घाईने उरकू नये. घड्याळ लावून बसावे. तिखट, चुना, हळद, तूप, कॉफी यांपैकी काही लावू नये. जखमेवर पट्टी घट्ट बांधू नये.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागत, ही आठवण अनेक ज्येष्ठांच्या मनात अजून ताजी असते आणि तिच्या भीतीने टाळाटाळ होते. ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेरीस बंद झाली. आता दंडावर लस देतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस, मग त्यापासून ३रा, ७वा आणि २८वा दिवस, अशा चार भेटी असतात. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती आणखी एक तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. ते दुखते, पण जखम तोंडावर, मानेवर किंवा हातावर असेल तर तेच जीव वाचवते, म्हणून ते मागून घ्यावे. ही लस कोणत्याही वयात, हृदयरोगात, मधुमेहात देता येते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे. त्यानुसार ते उपचार बदलतात.

कुत्रा पाळीव असेल तर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवतात, हे खरे. परंतु त्या नजरेपायी लस थांबवू नये. आणि मुले ओरडा बसेल या भीतीने चावल्याचे लपवतात. घरातल्या आजी-आजोबांशी ती अधिक मोकळेपणाने बोलतात. न रागावता विचारणारे एक माणूस घरात असणे, हाही रेबीजचा प्रतिबंधच आहे.

मधमाशीचा डंख

मधमाशी चावली की दुखते, सुजते आणि एक-दोन दिवसांत उतरते. काटा त्वचेत राहिला असेल तर तो लगेच काढावा. नखाने काढावा की चिमट्याने, याहून किती लवकर काढला हे महत्त्वाचे. गांधीलमाशी काटा सोडत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

येथेही वेदनेखेरीज काय होते ते पाहावे. चावलेल्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास घरघरणे, चक्कर येऊन कोसळणे, ही तीव्र ॲलर्जीची चिन्हे आहेत. एका माशीच्या डंखानेही हे होते आणि काही मिनिटांत होते. यावरचे खरे औषध मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हेच. ॲलर्जीची गोळी दिली म्हणजे झाले, असे मानू नये. रुग्णाला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये. सह्याद्रीच्या कड्यांवरचे आग्यामोहोळ उठले आणि शेकडो माश्या चावल्या, तर ॲलर्जी नसतानाही विषाचा भार मूत्रपिंडांवर येतो. लघवी तांबूस-काळसर झाली किंवा कमी झाली तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुखणेच ज्यांना कळत नाही

शेवटी अशा एका गटाविषयी, जो या नियतकालिकाच्या वाचकांत मोठा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांच्या बाबतीत वेदनेचे माप मुळातच मोडलेले असते. रात्री उंदीर पायाची बोटे कुरतडतो आणि माणसाला सकाळी अंथरुणावरचे रक्त पाहूनच कळते. मुंग्यांनी घोट्याभोवती केलेल्या जखमा दोन-तीन दिवस लक्षात येत नाहीत. अशी जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. म्हणून अशा व्यक्तीचे पाय रोज सकाळी उजेडात पाहावेत. तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी हे काम सुनेने, मुलाने किंवा नातवंडाने करावे. जखम दिसली तर साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

गवतातल्या सूक्ष्म किड्यांचेही असेच आहे. त्यांच्या पिलांचा चावा जाणवत नाही. साधारण एक ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप येतो, डोके दुखते, आणि काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी एक काळी खपली सापडते. हा स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती. डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध वेळेवर मिळाले तर तो बरा होतो. मात्र खपली कोणी पाहिलीच नाही तर तापाचे कारण सापडत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या वृद्धाला पावसाळ्यानंतर ताप आला, तर अंघोळ घालताना साऱ्या अंगाची पाहणी करावी.

घरातली तयारी

पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपावे. ते शक्य नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. मच्छरदाणीने सर्पदंशालाही अटकाव होतो, असे नेपाळच्या तराई भागातील अभ्यासात आढळले आहे. उशाशी बॅटरी ठेवावी आणि रात्री लघवीला उठताना पाय जमिनीवर टेकण्याआधी ती लावावी. चप्पल आणि कपडे झटकून घालावेत. लाकडे व गोवऱ्या घराच्या भिंतीपासून दूर रचाव्यात, आणि काढताना हात घालण्याआधी काठीने हलवाव्यात. धान्य झाकून ठेवावे. उंदीर गेले की सापही येत नाही.

आणि एक कागद दाराच्या मागे चिकटवावा. त्यावर १०८, आशाताईंचा क्रमांक, गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक आणि घरातील ज्येष्ठांच्या रोजच्या औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत. सर्पविषावरची लस आणि रेबीजची लस जवळच्या कोणत्या केंद्रात मिळते, याची चौकशी आशाताईंकडे आजच करून ते नावही त्यावर घालावे. हे काम घरातल्या आजोबांनी किंवा आजींनीच करावे. अवघड प्रसंगी शेतावरची माणसे येईपर्यंत घर त्यांच्याच हाती असते, आणि त्या वेळी काय करायचे हे लिहून ठेवलेले असले की घाबरलेल्या माणसाचेही हात चुकत नाहीत.